परिपत्रकाची पोच

पाचवा तास चालू असतो. फळ्यावर बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती अर्धी काढून झालेली असते. तेवढ्यात शिपाई सूचना-वही घेऊन दारात उभा राहतो. बाई एका हातात खडू तसाच धरून दुसऱ्या हाताने सही करतात. सही करताना त्यांची नजर सूचनेवर नसते. आधी कोणाकोणाच्या सह्या झाल्या आहेत आणि आपले नाव कोणत्या ओळीत आहे, एवढेच त्या पाहतात. वही पुढच्या वर्गाकडे जाते. शाळा सुटेपर्यंत वहीत सर्वांच्या सह्या असतात आणि कार्यालयाच्या दृष्टीने सूचना सर्वांना 'पोचलेली' असते.

'पोच' हा आपल्या भाषेतला मोठा बोलका शब्द आहे. पत्र मिळाल्याची पावती म्हणजे पोच, आणि माणसाला समज असणे म्हणजेही पोच. 'त्याला काही पोच आहे का?' असे आपण म्हणतो तेव्हा पावतीबद्दल बोलत नसतो. सूचना-वहीतल्या सहीने पहिल्या अर्थाची पोच मिळते. दुसऱ्या अर्थाची पोच मिळाली की नाही, हे त्या वहीतून कधीच कळत नाही.

शाळेत याने फार बिघडत नाही, कारण मुख्याध्यापक आणि शिक्षक दिवसातून चार वेळा समोरासमोर येतात. विद्यापीठात मात्र कुलगुरू आणि वर्गात उभा असलेला प्राध्यापक यांच्यात कुलसचिव, परीक्षा विभाग, प्राचार्य, विभागप्रमुख अशा अनेक पायऱ्या असतात. मुंबई विद्यापीठाशी सातशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. एवढ्या पसाऱ्यात वरचा निर्णय खाली नेणारे मुख्य वाहन म्हणजे परिपत्रक. या लेखात आम्ही त्या परिपत्रकाचेच परीक्षण करणार आहोत. आमचे बहुतेक वाचक शाळांतले असले, तरी त्यांचे विद्यार्थी उद्या याच विद्यापीठांत जाणार आहेत, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात परिपत्रकांचा फटका कोणाला बसला ते त्यांना आठवत असेल.

एखादे परिपत्रक धडा वाचावा तसे वाचून पाहावे. शाळेत मराठी शिकवणाऱ्या सहकाऱ्याला ते भाषेचा नमुना म्हणून द्यावे. सुरुवात होते 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की' अशी. कळवते कोण? वाक्यात कर्ता नाही. पुढे 'असे ठरविण्यात आले आहे'. कोणी, कोणत्या बैठकीत, कोणत्या पर्यायांतून ठरवले? तेथेही कर्ता नाही. 'सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेने' असे शब्द येतात, पण तो सक्षम प्राधिकारी ओळखीचा होत नाही. वरच्या बाजूला 'संदर्भ' म्हणून तीन-चार पत्रांचे जावक क्रमांक असतात आणि ती पत्रे वाचणाऱ्याकडे कधी आलेलीच नसतात. अंमल 'तात्काळ प्रभावाने' असतो. शेवटी 'काटेकोर पालन करावे', आणि 'कसूर झाल्यास संबंधितांवर जबाबदारी निश्चित करण्यात येईल'. गंमत अशी की निर्णयाला कर्ता सापडत नाही, पण कसुरीला मात्र तो आधीच ठरलेला असतो.

विज्ञानाच्या शिक्षकाने याच कागदाकडे आणखी एका नजरेने पाहावे. प्रयोगवहीत आपण मुलांना पाच मथळे लिहायला लावतो : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. परिपत्रकात यांतली फक्त कृती असते. उद्देश क्वचित एका ओळीत येतो, तोही 'पारदर्शकता व गतिमानता यावी यासाठी' असा, कोणत्याही परिपत्रकाला लावता येईल असा. साहित्य पुरेसे आहे का, याचा उल्लेख नसतो. निरीक्षणाला तर जागाच नसते, कारण हा कागद खालून वर जाण्यासाठी बनवलेलाच नाही. ज्या संस्थेत शोधनिबंधावर लेखकाचे नाव हवे, पद्धत हवी, दुसऱ्याला तपासता येतील असे पुरावे हवेत असा आग्रह धरला जातो, तीच संस्था स्वतःच्या घरात या सर्वांतून सूट घेतलेला कागद फिरवते. आमची मुख्य तक्रार ही आहे. परिपत्रके उशिरा येतात, क्लिष्ट असतात, जास्त असतात, या तक्रारी त्यापुढे किरकोळ आहेत.

आता २०१७ कडे वळू. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका कागदावर न तपासता संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असा निर्णय मुंबई विद्यापीठाने घेतला. कल्पना मुळात वाईट नव्हती. उत्तरपत्रिकेची प्रतिमा घ्यायची, विद्यार्थ्याची ओळख पट्टीसंकेताच्या आड ठेवायची, प्रतिमा प्राध्यापकाच्या पडद्यावर पाठवायची, गुणांची बेरीज यंत्राने करायची. यात गठ्ठ्यांची ने-आण वाचते, बेरजेच्या चुका टळतात, कोणते पान तपासायचे राहिले ते लगेच कळते. जगात इतरत्र अशी तपासणी चालत होती व आजही चालते.

अडचण वेळेची होती. परीक्षा सुरू झाल्या तरी हे काम करणाऱ्या कंपनीचे कंत्राट अंतिम व्हायचे होते. प्राध्यापकांच्या संघटनांनी घाई होत असल्याची हरकत तेव्हाच घेतली होती. उत्तरपत्रिका होत्या सुमारे १७ लाख आणि निकाल लावायचे होते ४७७ परीक्षांचे. त्याच वर्षी १ मार्चपासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाप्रमाणे परीक्षेनंतर ३० दिवसांत, आणि काही झाले तरी ४५ दिवसांत, निकाल लावणे विद्यापीठावर बंधनकारक होते.

जुलै उजाडला तरी बहुतेक निकाल लागलेले नव्हते. राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती. त्यांनी ३१ जुलै ही मुदत घालून दिली. प्राध्यापकांना तपासणीला मोकळे करण्यासाठी महाविद्यालयांतील तास काही दिवस बंद ठेवावे लागले, राज्यातील इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. तरीही ती मुदत टळली. सर्वाधिक रखडले ते वाणिज्य आणि विधी शाखांचे निकाल. परीक्षेला बसलेले विद्यार्थी गैरहजर दाखवले गेले, उत्तरपत्रिका आणि पुरवण्या यांची सरमिसळ झाली, पदव्युत्तर आणि परदेशी प्रवेश हातचे गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचले. तत्कालीन कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना ऑगस्टमध्ये रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे कार्यभार दिला गेला. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर आला आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी देशमुखांना पदावरून दूर करण्यात आले.

वृत्तपत्रांनी ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या फजितीची म्हणून सांगितली, आणि एका माणसाच्या हट्टाचीही. आम्हांला ती मुख्यतः माहितीच्या वाहतुकीची गोष्ट वाटते. असे का वाटते, ते एका साध्या हिशेबाने पाहू. एका उत्तरपत्रिकेत ३० पाने आहेत आणि पडद्यावर पुढचे पान उघडायला ४ सेकंद लागतात, असे धरा. (ही सेकंदे आम्ही गृहीत धरली आहेत, त्या वेळी कोणी मोजलेली नव्हेत.) म्हणजे एका उत्तरपत्रिकेमागे १२० सेकंद, अर्थात दोन मिनिटे नुसती पान उघडण्याची वाट पाहण्यात जातात. दोन मिनिटांनी काय होते, असे कोणालाही वाटेल. पण १७ लाख उत्तरपत्रिकांना ३४ लाख मिनिटे, म्हणजे सुमारे ५६,६६७ तास. एक प्राध्यापक दिवसाला सहा तास बसतो असे मानले, तर नुसत्या वाट पाहण्यातच साडेनऊ हजारांच्या आसपास प्राध्यापक-दिवस खर्च होतात. त्यात उत्तर वाचण्याचा वेळ धरलेला नाही. पडद्यावर वाचायची सवय नसणे, पासवर्ड न चालणे, अस्पष्ट प्रतिमा, बंद पडलेले संगणक, यांतले काहीच धरलेले नाही.

हे चार सेकंद पहिल्यांदा कोणाला दिसतात? कुलगुरूंना दिसत नाहीत, कंपनीच्या दिल्ली-बंगळुरूच्या सादरीकरणात तर नाहीतच. तपासणी केंद्रात पहिल्या दिवशी पहिली उत्तरपत्रिका उघडणाऱ्या प्राध्यापकाला ते दिसतात, आणि तेही त्या दिवशी अर्ध्या तासात. सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची माहिती सर्वांत खालच्या पायरीवर, फुकट, पडून होती. आधी एकाच विषयाच्या पाचशे उत्तरपत्रिकांवर चाचणी घेतली असती आणि तपासणाऱ्यांना 'काय दिसले ते लिहून द्या' असे म्हटले असते, तर वरचा हिशेब एखाद्या अकरावीच्या मुलानेही करून दाखवला असता.

संगणकांच्या जाळ्याला ही गोष्ट फार आधी कळली होती, हा योगायोग थोडा बोचरा आहे. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये संदेशवहनाची जी रीत मांडली, तिच्यातूनच आजचे इंटरनेट वाढले. तिच्यात संदेशाचे तुकडे करून त्यांना क्रम देतात. तुकडा मिळाला की घेणारा संगणक पोच पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा 'मी तर पाठवले होते' असे म्हणून हात झटकत नाही, तोच तुकडा पुन्हा पाठवतो. इतकेच नव्हे, आपल्याकडे आणखी किती तुकडे मावतील हे घेणारा पोचेबरोबरच कळवतो आणि पाठवणारा त्याप्रमाणे आपला वेग कमी करतो. म्हणजे वेग किती असावा, यात घेणाऱ्याचा शब्द चालतो. याच रीतीवर चालणारी यंत्रे आणून ज्या विद्यापीठाने उत्तरपत्रिका तपासल्या, त्याच्या परिपत्रकांत वेग ठरवण्याचा अधिकार फक्त पाठवणाऱ्याकडे होता.

खालून वर जायचे मार्ग कायद्यात नसतात असे नाही. अधिसभा, विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद, अभ्यास मंडळे ही त्यासाठीच असतात. निवडून आलेले प्राध्यापक आणि पदवीधर तेथे प्रश्न विचारतात, आणि प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. पण २०१७ चा उन्हाळा नेमका संक्रमणाचा होता. जुना १९९४ चा कायदा जाऊन नवा लागू झाला होता, आणि त्याखालची निवडून आलेली अधिसभा अजून अस्तित्वात यायची होती. पदवीधरांची निवडणूक २०१८ मध्ये झाली. म्हणजे विद्यापीठाने आपल्या परीक्षापद्धतीतला सर्वांत मोठा बदल केला तेव्हा त्याचे कान जवळपास बंद होते. या गोष्टीची चर्चा सर्व्हर आणि पासवर्ड यांच्या मानाने फारच कमी झाली.

अर्थात मंडळे असली म्हणजे झाले, असेही नाही. दिल्ली विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीचा निर्णय झाला तेव्हा सगळी मंडळे जागेवर होती. २४ डिसेंबर २०१२ रोजी विद्यापरिषदेने मान्यता दिली, २६ तारखेला कार्यकारी परिषदेने. मध्ये नाताळची सुट्टी! जुलै २०१३ मध्ये वर्ग सुरू झाले, आणि जून २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशानंतर ती योजना मागे घेतली गेली. त्या एका वर्षाचे विद्यार्थी मध्येच पुन्हा तीन वर्षांच्या रुळावर आणावे लागले. तेथे मंडळांनी हात वर केले होते, म्हणजे शिक्षकांचे मत घेतले गेले होते, असे नियमाने म्हणता येईल. सूचना-वहीतली सही आणि असा वर झालेला हात यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

मग याहून वेगळे काही शक्य आहे का, हे पाहताना आम्हांला केंब्रिजचा विचार करावासा वाटला. रँग्लर परांजपे यांच्यामुळे हे विद्यापीठ मराठी वाचकाला शंभर-सव्वाशे वर्षांपासून ओळखीचे आहे. तेथे १८७० पासून 'केंब्रिज युनिव्हर्सिटी रिपोर्टर' नावाचे विद्यापीठाचे अधिकृत पत्र निघते. नेमणुकांसारखा रोजचा मजकूर त्यात असतोच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. नियमात मोठा बदल करायचा असेल तर त्याचा प्रस्ताव कारणांसह या पत्रात छापला जातो. मग एका ठरलेल्या दिवशी त्यावर जाहीर चर्चा होते. तेथे उभे राहून कोणी सदस्य जे बोलेल, ते पुढे त्याच्या नावासह त्याच पत्रात छापले जाते. विद्यापीठाच्या धोरणावर केलेली कडक टीकासुद्धा विद्यापीठाच्याच खर्चाने छापली जाते. त्या टीकेला कारभारी मंडळ छापील उत्तर देते. यानंतरच ठराव पुढे येतो, आणि ठरावीक संख्येच्या सदस्यांनी सह्या करून मागणी केली तर त्यावर सर्व सदस्यांचे मतदान घ्यावे लागते. सही तेथेही आहे, पण ती मिळाल्याची पावती म्हणून नसून 'थांबा, आम्हांला मत द्यायचे आहे' हे सांगण्यासाठी आहे.

या पद्धतीचे कौतुक करताना दोन गोष्टी झाकून ठेवणे बरे होणार नाही. पहिली, उघडपणा म्हणजे न्याय नव्हे. स्त्रियांना पदवी द्यावी का, हा प्रश्न केंब्रिजमध्ये १८९७ मध्ये मतदानाला आला आणि फेटाळला गेला. पुढे १९२१ मध्येही स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळाले नाही. ते मिळायला १९४८ उजाडावे लागले. सगळे रीतसर, चर्चा करून! आपल्याकडे कोलकाता विद्यापीठाने कादंबिनी बसू (पुढे गांगुली) आणि चंद्रमुखी बसू यांना १८८३ मध्येच पदवी दिली होती.

दुसरी गोष्ट तर आपल्या २०१७ च्या अगदी जवळची आहे. केंब्रिजने आपल्या हिशेबांसाठी 'कॅप्सा' नावाची नवी संगणकव्यवस्था १ ऑगस्ट २००० रोजी सुरू केली. ती सुरू झाली आणि गोंधळ उडाला. विभागांना आपल्या खात्यात किती पैसे आहेत ते कळेना, संशोधन-प्रकल्पांचा खर्च दिसेना, माल पुरवणाऱ्यांची देणी थकली. एकूण खर्च सुमारे ९० लाख पौंडांवर गेला. म्हणजे 'रिपोर्टर' असूनही, जाहीर चर्चेची प्रथा असूनही, वापरणाऱ्यांशी पुरेसे न बोलता आणि अपुऱ्या प्रशिक्षणावर एक यंत्रणा माथी मारली गेलीच. केंब्रिज असो की कालिना, वरच्या मजल्यावरून खालचे चार सेकंद दिसत नाहीत.

फरक पडला तो यानंतर. विद्यापीठाने बाहेरच्या दोन तज्ज्ञांना चौकशीला बोलावले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले संगणकतज्ज्ञ अँथनी फिंकेलस्टीन यांनी प्रकल्पाची, आणि वॉरिक विद्यापीठाचे माजी कुलसचिव मायकेल शॅटक यांनी कारभाराची तपासणी केली. दोघांनीही कारभारावर कडक ताशेरे ओढले. हे दोन्ही अहवाल विद्यापीठाने नोव्हेंबर २००१ मध्ये 'रिपोर्टर'मध्ये संपूर्ण छापले. ज्या पत्रातून शिक्षकांना सुट्टीच्या तारखा कळतात, त्याच पत्रातून त्यांना आपल्या कारभाऱ्यांच्या चुका कळल्या. आज पंचवीस वर्षांनीही संगणक-प्रकल्प का फसतात हे शिकवताना हे अहवाल वापरता येतात. आमच्या प्रयोगवहीच्या भाषेत सांगायचे, तर तेथे प्रयोग फसला, पण निरीक्षण आणि अनुमान लिहिले गेले. मुंबईच्या प्रयोगात कृतीचे पान फाटले, नवे पान उघडले, आणि मधल्या पानांवर काय लिहिले होते ते तपासणी केंद्रात बसलेल्या प्राध्यापकापर्यंत परत आले नाही.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. केंब्रिजचे काही हजार सदस्य कोठे आणि आपल्या विद्यापीठांचा विस्तार कोठे! प्रत्येक निर्णयावर सगळ्यांना विचारत बसलो तर एकही परीक्षा वेळेवर होणार नाही. आक्षेप पूर्ण खोटा नाही. परीक्षेची तारीख बदलली, पूर आला, लोकल बंद पडल्या, अशा वेळी परिपत्रकच हवे आणि ते चार ओळींचेच हवे. पण सांगणे आणि विचारणे यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे कारण देणे. त्याला सभा भरवावी लागत नाही. आणि आपल्याकडे ती नुसती सौजन्याची बाब राहिलेली नाही, कायद्याची झाली आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपण बहुधा अर्ज करून कागद मागण्याचा कायदा म्हणून ओळखतो. महाराष्ट्राने त्याआधी २००२ मध्येच स्वतःचा असा कायदा केला होता, याचा आपल्याला अभिमानही आहे. पण त्या केंद्रीय कायद्याचे चौथे कलम कोणी न मागता माहिती देण्याचे आहे. त्यातला एक खंड सांगतो की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा असे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. लगेच पुढचा खंड सांगतो की प्रशासकीय निर्णयांची कारणे त्या निर्णयाची झळ पोचणाऱ्या व्यक्तींना द्यावीत. सार्वजनिक विद्यापीठे या कायद्याच्या कक्षेत येतात. तेव्हा कारण नसलेले परिपत्रक ही केवळ वाईट भाषा नव्हे, हे प्राध्यापकांच्या संघटनांनी जितक्या वेळा म्हणायला हवे तितक्या वेळा म्हटले असे आम्हांला दिसत नाही. त्यांच्या निवेदनांतही 'तीव्र निषेध करण्यात येत आहे' असाच कर्ता हरवलेला मजकूर असतो! वरच्यांची भाषा खालच्यांनाही लागते.

सध्या या सगळ्याला नवे निमित्त मिळाले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा ठरवणारा शासन निर्णय महाराष्ट्रात एप्रिल २०२३ मध्ये निघाला, मार्च २०२४ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत तो लागू झाला. कोणता विषय मुख्य, कोणता दुय्यम, कशाला किती श्रेयांक, यावर प्राध्यापकाचा कार्यभार आणि काही वेळा नोकरीही अवलंबून असते. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना आपल्या विषयाचे तास कमी झाल्याचे कळले ते वेळापत्रक हातात पडल्यावर. त्याआधी मोबाइलवरच्या गटात सतरा पानांची एक फाइल आली होती, मध्यरात्रीच्या सुमारास, तीन शुभेच्छा आणि एका निधनवार्तेच्या मध्ये. बाईंच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटलेल्या होत्या. प्राचार्यांनी त्या दाखवल्या आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर पाहिले होते." सूचना-वही गेली, पण तिच्यातली सही अशी शिल्लक राहिली.

प्राचार्यांचाही दोष किती, हा प्रश्नच आहे. त्यांच्याकडे ती फाइल आली तीसुद्धा अशीच, वरून, 'तात्काळ' या शेऱ्यासह. 'का' असे विचारायची सोय त्यांनाही नव्हती. माहिती अडवण्याचा कोणाचा डाव असतो असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक जण आपल्याला मिळाले ते पुढे ढकलतो आणि मोकळा होतो, एवढेच घडते.

आमच्या वाचकांना एक छोटा प्रयोग करता येईल. गेल्या महिन्यात आलेले एखादे परिपत्रक घ्या आणि त्यावर सही केलेल्या पाच सहकाऱ्यांना कागद न दाखवता तीन प्रश्न विचारा. काय बदलले? कधीपासून? का? पहिल्या प्रश्नाची उत्तरे बऱ्यापैकी जुळतील, दुसऱ्याची कमी, आणि तिसऱ्याला बहुतेक जण खांदे उडवतील, असा आमचा अंदाज आहे. अंदाज चुकला तर आम्हांला जरूर कळवा. तिसऱ्याचे उत्तर ज्या शाळेत मिळेल, तेथील मुख्याध्यापकांना भेटायला आम्हांला आवडेल.

अशा एका मुख्याध्यापिकेला आम्ही भेटलो आहोत. तालुक्याच्या गावातली शाळा. त्यांनी सूचना-वहीत पट्टीने एक उभी रेघ जास्त मारली आणि सहीच्या रकान्याशेजारी 'शंका / दुरुस्ती' असा रकाना केला. सुरुवातीचे काही दिवस तो कोराच राहिला. शिक्षकांना वाटले, यात लिहिणे म्हणजे बाईंच्या नजरेत येणे. मग एकदा विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीची सूचना निघाली. वही अकरा वर्गांतून फिरून बाराव्या वर्गात गेली. तेथील शिक्षिका त्याच वर्षी नोकरीला लागलेल्या. त्यांनी सही केली आणि शेजारच्या रकान्यात लिहिले, 'या तारखेला रविवार आहे.' मुख्याध्यापिकांनी त्याखाली लाल शाईने 'चूक माझी' असे लिहून तारीख दुरुस्त केली, आणि वही पुन्हा पहिल्या वर्गापासून फिरवली.